खाणीच्या मनोऱ्याजवळ पतंगावरचा कॅमेरा गिरक्या का घेतो?

मोकळ्या मैदानावर पतंगाच्या दोरीला टांगलेला कॅमेरा मुकाट्याने काम करतो, छायाचित्रे स्वच्छ येतात आणि क्षितिजही सरळ असते. हीच सामग्री घेऊन जुन्या कोळसा खाणीच्या हेडगिअरजवळ, म्हणजे खाणीच्या विहिरीवर उभ्या असलेल्या चाकांच्या मनोऱ्याजवळ गेले, की कॅमेरा गिरक्या घेऊ लागतो, बहुतेक छायाचित्रे पुसट निघतात आणि जी थोडीफार स्पष्ट असतात त्यांत मनोरा कललेला दिसतो. ब्रिटनमधील खाण-स्मारकांची छायाचित्रे पतंगावरून काढणाऱ्या हौशी मंडळींची ही तक्रार वारंवार कानावर येते. येथे राहून मीही हाच छंद करत असल्यामुळे तिची कारणे आणि उपाय सविस्तर लिहीत आहे.

अशा वेळी पहिली धाव कॅमेऱ्याकडे असते. शटरचा वेग वाढवून पाहायचा, मग स्थिरीकरणाची सोय सुरू करायची, मग टांगणीला, म्हणजे कॅमेरा दोरीला टांगणाऱ्या चौकटीला, वजन बांधायचे आणि शेवटी नवा कॅमेरा घ्यायचा, असा क्रम जणू ठरलेलाच आहे. माझ्या मते हा क्रम पूर्णपणे उलटा आहे. दोष बहुतेक वेळा उभे राहण्याच्या जागेत असतो, त्यानंतर टांगणीत असतो आणि कॅमेऱ्याच्या मांडणीत सर्वांत शेवटी असतो. जागा चुकलेली असताना कॅमेऱ्यावर खर्च करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

छायाचित्रातून दोष ओळखणे

पुसटपणाचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचे कारण वेगळे आहे. ते ओळखण्यासाठी हेडगिअरच्या माथ्यावरचे चाक फार उपयोगी पडते. माणसे आणि कोळसा वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्याचा पोलादी दोर याच चाकावरून विहिरीत उतरत असे. चाकाच्या मध्यापासून सर्व दिशांना आऱ्या गेलेल्या असल्यामुळे, भिंग तपासण्यासाठी छापतात तसा तक्ताच आपल्याला आयता मिळतो. चाकाचे पूर्ण वर्तुळ दिसेल अशा कोनातून काढलेले एक छायाचित्र संगणकावर शंभर टक्के आकारात उघडावे आणि केवळ आऱ्यांकडे पाहावे. उभ्या आऱ्या जाड व फिकट झाल्या असून आडव्या आऱ्या रेखीव असतील, तर कॅमेरा उभ्या अक्षाभोवती, म्हणजे डावी-उजवीकडे फिरत होता. आडव्या आऱ्या फिसकटल्या असून उभ्या शाबूत असतील, तर त्याचे नाक वर-खाली होत होते. सगळ्याच आऱ्या सारख्या मऊ दिसत असतील, तर हालचालीचा संबंध नसून फोकस चुकला आहे. प्रत्येक आरीला शेजारी बारीक दुसरी कडा दिसत असेल, तर टांगणीत कंप आहे, आणि तो बहुधा सैल स्क्रूमुळे किंवा वाऱ्यात फडफडणाऱ्या पट्ट्यामुळे आलेला असतो.

कॅमेरा थेट खाली रोखलेला असेल, तर लक्षणे बदलतात. अशा वेळी उभ्या अक्षाभोवतीच्या गिरकीमुळे छायाचित्राचा मध्यभाग स्वच्छ राहतो आणि कडांकडे जावे तसतशी प्रतिमा वर्तुळाकार ओढली गेलेली दिसते. अनेक जण हे भिंगाच्या कडांचे दौर्बल्य समजतात आणि भिंगाला नाहक दोष देतात.

कललेल्या मनोऱ्याचे प्रकरण थोडे वेगळे आहे. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आणि फोनांत इलेक्ट्रॉनिक शटर वापरले की सेन्सरवरील ओळी एकामागून एक वाचल्या जातात. ही वाचणी चालू असताना कॅमेरा फिरला, तर वरची ओळ आणि खालची ओळ वेगवेगळ्या दिशांना रोखलेली असते आणि सरळ खांब तिरका उमटतो. कॅमेरा मागे-पुढे थरथरत असेल, तर तोच खांब लाटेसारखा वळतो. क्षितिज सरळ आहे आणि मनोरा मात्र कललेला आहे, अशी जोडी दिसली की ही शक्यता प्रथम तपासावी. तथापि हेडगिअरचे मागचे पाय मुळातच तिरके असतात, हे विसरू नये. दोर ओढणारे इंजिन बाजूच्या इंजिनघरात असे आणि त्याच्या ओढीने मनोरा उलटू नये म्हणून हे पाय इंजिनघराच्या दिशेने पसरलेले असतात. संगणकावर ते ‘सरळ’ करण्याचा उद्योग केलेली छायाचित्रेही मी पाहिली आहेत.

आता थोडा हिशेब. छायाचित्राची रुंदी ४००० पिक्सेल आणि भिंगाचा कोन ६० अंश धरला, तर एका अंशाला सुमारे ६७ पिक्सेल येतात. कॅमेरा सेकंदाला ३० अंश या सावकाश वाटणाऱ्या गतीने फिरत असेल, तर प्रतिमा सेकंदाला २००० पिक्सेल सरकते. म्हणजे १/२५० सेकंदाच्या शटरला ८ पिक्सेलचा आणि १/१००० सेकंदाच्या शटरला २ पिक्सेलचा पुसटपणा येतो. याउलट, कॅमेरा न फिरता नुसताच सेकंदाला २ मीटर वेगाने बाजूला झोका घेत असेल आणि मनोरा ४० मीटर दूर असेल, तर कोनातला फरक सेकंदाला तीन अंशांपेक्षाही कमी पडतो आणि १/१००० सेकंदात प्रतिमा जेमतेम पाव पिक्सेल सरकते. झोका डोळ्यांना भयंकर दिसतो, पण छायाचित्राचे फारसे बिघडवत नाही. संथ वाटणारी गिरकी मात्र त्याच्या दसपट नुकसान करते. खळबळलेल्या हवेत कॅमेरा सेकंदात पाव वळसा सहज घेतो, आणि मग १/२००० सेकंदाचे शटरही ३ पिक्सेलचा डाग थांबवू शकत नाही. म्हणून सगळा प्रयत्न गिरकी थांबवण्यावर लावावा.

वारा कुठे बिघडतो

गिरकीचे मूळ वाऱ्यात असते, पण तो वारा बिघडवणारा अपराधी सहसा हेडगिअर नसतो. पोलादी जाळीचा मनोरा वाऱ्याला बराचसा मोकळा असतो. खरा अडथळा म्हणजे शेजारचे विटांचे इंजिनघर, बॉयलरचे धुराडे, कोळसा धुण्याच्या आणि चाळण्याच्या इमारती आणि खाणीतून निघालेल्या दगडमातीचा ढिगारा. वाऱ्याच्या नोंदी घेण्याबाबत जागतिक हवामान संघटनेचा दंडक असा आहे की वेगमापक कोणत्याही अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या किमान दहापट दूर असावा. हाच दंडक आपण आपल्या कामाला लावला, तर १२ मीटर उंचीच्या इंजिनघरामागे वाऱ्याच्या दिशेने १२० मीटरपर्यंतची हवा संशयास्पद ठरते. बहुतेक खाणींच्या आवारात पतंगासाठी मोकळी दिसणारी जागा नेमकी याच पट्ट्यात येते, कारण पूर्वीचे रेल्वेचे रूळ आणि कोळशाचे डेपो काढून टाकल्यावर तयार झालेले पटांगण इमारतींना लागूनच असते.

स्थळानुसार हा त्रास किती बदलतो ते पाहण्यासारखे आहे. स्टोक-ऑन-ट्रेंटजवळची चॅटर्ली व्हिटफील्ड ही खाण १९३७ साली एका वर्षात दहा लाख टन कोळसा काढणारी ब्रिटनमधील पहिली खाण ठरली, १९७७ साली बंद झाली आणि आज संरक्षित स्मारक आहे. तेथे अनेक हेडगिअर, धुराडे आणि इमारती एकमेकांच्या अंगावर उभ्या असल्यासारख्या दाटल्या आहेत, त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी तो आधीच कशावर तरी आपटून आलेला असतो. विगन आणि मँचेस्टर यांच्या दरम्यान असलेल्या ॲस्टली ग्रीनचे हेडगिअर सुमारे ३० मीटर उंच आहे आणि लँकेशायरच्या कोळसा पट्ट्यातले ते उरलेले एकमेव हेडगिअर आहे. आजूबाजूचा चॅट मॉसचा प्रदेश सपाट दलदलीचा असल्यामुळे तेथे वारा दुरून स्वच्छ येतो आणि फक्त इंजिनघराच्या पाठीमागचा पट्टा टाळला की काम होते. स्कॉटलंडमधील फाइफ येथील मेरी पिटचे काँक्रीटचे हेडगिअर त्याहून सोपे आहे. १९६६ साली खाण बंद झाल्यावर बाकीच्या इमारती गेल्या, जमिनीचे उद्यान झाले आणि लॉख ओर तलावाजवळ मनोरा एकटाच उरला. नवशिक्याने सराव करायचा असेल, तर अशा एकट्या मनोऱ्यापासून सुरुवात करावी.

ढिगाऱ्यांचा आणखी एक दोष आहे, आणि तो नेमका कोळसा खाणींचाच आहे. या ढिगाऱ्यांतील शेलचा दगड काळपट असतो. उन्हाच्या दिवशी तो आजूबाजूच्या गवतापेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि दुपारी त्यावरून गरम हवेचे लोट वर चढू लागतात. पतंग अशा लोटात शिरला की थेट डोक्यावर येतो, दोरीचा ताण जातो, झोल पडतो आणि कॅमेरा खाली येता येता दोन-तीन गिरक्या घेतो. लोट ओलांडला की पतंग दाणकन ताणला जातो आणि कॅमेऱ्याला हिसका बसतो. वारा तर मुळीच बदललेला नसतो. त्यामुळे उडवणाऱ्याला वाटते की कण्णी बिघडली, आणि तो कण्णीच्या गाठी सरकवत बसतो. यावर इलाज एकच: ढगाळ दिवस निवडावा किंवा सकाळी लवकर काम आटोपावे.

आवारातील हवा कुठपर्यंत बिघडलेली आहे हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. पहिले उड्डाण कॅमेऱ्याशिवाय करावे आणि दोरी सोडताना दर दहा मीटरवर हातभर लांबीची रंगीत फीत बांधत जावी. स्वच्छ हवेतल्या फिती वाऱ्याच्या दिशेने शांतपणे सरळ राहतात, तर खळबळीतल्या फिती दोरीला वेटोळे घालतात, उलट्या फिरतात किंवा मेल्यासारख्या लोंबतात. ज्या उंचीच्या वर सर्व फिती सरळ आहेत, ती उंची लक्षात ठेवावी. कॅमेरा त्याच्या वर राहिला पाहिजे. तसे शक्य नसेल, तर जागा बदलावी.

उभे राहण्याची जागा

पतंग नेहमी आपल्यापासून वाऱ्याच्या दिशेने दूर जातो आणि कॅमेरा आपण व पतंग यांच्यामध्ये कुठेतरी असतो. हे सर्वांना ठाऊक असते. तरीही बहुतेक जण मनोरा समोर दिसेल अशा सोयीच्या जागी उभे राहतात आणि मग वाऱ्याशी तडजोड करत बसतात. मनोऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे वारा इमारतींवरून येऊन आपल्याकडे पोचतो अशा ठिकाणी उभे राहिल्यास उड्डाण खळबळीतच सुरू होते आणि पतंग उठतानाच गोते खातो. मनोऱ्याच्या अगदी समोर, वाऱ्याच्या बाजूला उभे राहिल्यास हवा स्वच्छ मिळते. पण दोरी सरळ मनोऱ्यावरून जाते, आणि हवा पडली की कॅमेरा चाकात आणि पतंग इंजिनघराच्या कौलांवर, असा प्रसंग ओढवतो. संरक्षित वास्तूच्या माथ्यावर अडकलेला पतंग काढणे हे आपले काम नव्हे आणि त्यासाठी वर चढणे तर नव्हेच.

मी तिसरी जागा सुचवतो. मनोऱ्याच्या बाजूला ३० ते ४० मीटर सरकावे आणि तेथून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला मागे जावे, म्हणजे दोरी मनोऱ्याला समांतर अशी त्याच्या बाजूने जाईल. किती मागे जायचे याचा हिशेब सोपा आहे. दोरीचा कोन ४५ अंश असेल, तर कॅमेरा जेवढा उंच तेवढाच तो आपल्यापासून पुढे असतो. ४० मीटर उंचीवरून मनोऱ्याच्या बरोबरीने छायाचित्र हवे असेल, तर मनोऱ्याच्या रेषेपासून ४० मीटर मागे उभे राहावे. या मांडणीत कॅमेरा मनोऱ्याकडे आडवा पाहतो, हवा दोन्ही बाजूंनी मोकळी असते आणि हवा पडलीच तर सर्व काही मोकळ्या जमिनीवर उतरते. मनोऱ्याची कोणती बाजू निवडायची हे सूर्यावरून ठरवावे. चाकाच्या आऱ्यांवर आडवे ऊन पडत असेल, तर पोलादाची जाळी विशेष उठून दिसते.

ही जागा नेहमीच मिळते असे नाही. व्हाइटहेवन येथील सॉल्टम पिट हे त्याचे टोकाचे उदाहरण आहे. १७२९ साली खोदायला घेतलेली ही समुद्राखाली जाणारी इंग्लंडमधील पहिली कोळसा खाण कड्याच्या पायथ्याशी, थेट किनाऱ्यावर आहे. समुद्रावरून वारा असला आणि कड्यावरून पतंग उडवला, तर तो जमिनीकडे जातो आणि स्मारक आपल्या पाठीशी राहते. जमिनीवरून वारा असला, तर पतंग समुद्रावर जातो आणि कड्याखालच्या भोवऱ्यात उतरला की गेलाच. येथे किनाऱ्याला समांतर वारा येईपर्यंत थांबण्याला पर्याय नाही, आणि दिवस वाया गेला तरी तो तसाच जाऊ द्यावा.

टांगणीची दुरुस्ती

१८८८ साली फ्रान्समधील लाब्रुगिएर या गावी आर्थर बातु यांनी पतंगावरून पहिली छायाचित्रे घेतली तेव्हा कॅमेरा पतंगालाच जडवलेला होता, आणि पतंगाचा प्रत्येक हिसका त्याला थेट मिळत असे. पुढे कॅमेरा दोरीवर आला. १९१२ साली पिएर पिकाव्हे यांनी सुचवलेली फुलीची टांगणी आजही बहुतेक जण वापरतात. दोरीवरच्या दोन ठिकाणांहून एकच अखंड सुतळी निघते, फुलीच्या चारही टोकांवरील कड्यांतून सरकत जाते आणि दोरीचा कोन कितीही बदलला तरी फुली जमिनीला समांतर राहते. हीच टांगणी गिरकीलाही विरोध करते. पण तो विरोध किती असेल हे मापांवर अवलंबून असते, आणि नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते.

फुली उभ्या अक्षाभोवती वळली की सुतळ्या तिरक्या होतात, फुली किंचित वर उचलली जाते आणि तिचे वजन तिला परत जागेवर आणते. दोरीवरील दोन बिंदूंमधील अंतर आणि फुलीच्या बाहूंची लांबी जितकी जास्त, तितका हा परतीचा जोर जास्त. सुतळीची उभी लांबी जितकी जास्त, तितका तो कमी. छोटी फुली पिशवीत सहज मावते म्हणून बाहू आखूड ठेवलेले असतात आणि दोरीवरचे बिंदूही हातभर अंतरावरच असतात. मोकळ्या मैदानावर ही रचना चालून जाते, खाणीवर ती उघडी पडते. दोन बिंदूंतील अंतर ६० सेंटिमीटरवरून एक मीटरवर नेले, तर विरोध त्याच प्रमाणात वाढतो आणि यासाठी पैसाही लागत नाही. याशिवाय फुलीच्या मध्यावर जेथे सुतळीचे दोन पदर एकमेकांना छेदतात तेथे ते एका लहान कड्यातून एकत्र घ्यावेत, म्हणजे त्यांना अलग होऊन वळण्याची मोकळीक उरत नाही.

टांगणी वाऱ्यातच गिरकी घेते आणि घरात मुळीच घेत नाही, असा अनुभव असेल तर तिचा आकार तपासावा. कॅमेरा एका बाजूला आणि बॅटरी दुसऱ्या बाजूला असेल, तर तोल बरोबर असूनही वाऱ्याला अडवणारी जागा एका बाजूला जास्त असते आणि प्रत्येक झुळूक टांगणीला वातकुक्कुटासारखी वळवते. हलक्या पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लॅस्टिकचा एक तुकडा विरुद्ध बाजूला लावून ही विषमता भरून काढता येते. स्थिरीकरणासाठी नुसते वजन वाढवणे मला पसंत नाही, कारण त्यासाठी मोठा पतंग लागतो, मोठा पतंग अधिक ओढतो आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ती ओढ चौपट होते.

क्षितिज एकाच बाजूला सारखे झुकलेले येत असेल, तर कुठेतरी सुतळी अडकत आहे. ढिगाऱ्यावरची बारीक शेलची भुकटी ओल्या सुतळीला चिकटते आणि कड्यांत घासली जाते. त्यामुळे आदल्या दिवशी उत्तम चाललेली टांगणीही दुसऱ्या दिवशी हटून बसते. घरी परतल्यावर टांगणी दाराची कडी आणि खुर्चीची पाठ यांच्यामध्ये ताणून बांधावी, एक टोक हळूहळू वर उचलावे आणि फुलीकडे पाहत राहावे. फुली सरळच राहिली तर ठीक. ती आधी झुकली आणि मग एकदम झटका देऊन सरळ झाली, तर कडी साफ करावीत, सुतळी धुवावी आणि तरीही फरक न पडल्यास सुतळी बदलावी.

टांगणी पतंगापासून किमान २० ते २५ मीटर खाली बांधावी. पतंगाचे डोके हलणे थांबवता येत नाही. पण मधली दोरी लांब असली की ती हालचाल कॅमेऱ्यापर्यंत पोचेतो विरून जाते.

उडवणाऱ्याचा हात

हा भाग विशेषतः आपल्याकडच्या मंडळींसाठी. संक्रांतीचा पतंग मुद्दामच अस्थिर बनवलेला असतो. ढील दिली की तो फिरतो, खेचला की नाक असेल त्या दिशेने धावतो, आणि सगळे कौशल्य ठुमक्या देण्यात असते. लहानपणापासून अंगवळणी पडलेला तो हात रोक्काकू किंवा डेल्टा यांसारख्या, कॅमेऱ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या स्थिर पतंगांच्या दोरीवरही नकळत चालू राहतो. हातातली प्रत्येक ठुमकी दोरीतून टांगणीपर्यंत जाते, फुलीला धक्का देते आणि गिरकी सुरू करते. पतंग स्थिर झाला की दोरी अडकवून टाकावी आणि हात काढून घ्यावा. दोरी सोडायची असेल तर सावकाश सोडावी, आणि सोडून झाल्यावर टांगणी शांत व्हायला अर्धा मिनिट द्यावा. नायलॉनचा मांजा तर या कामाला अजिबात वापरू नये. तो ताणला जातो, रबरासारखा आकसतो आणि टांगणीला नाचवतो. विणलेली, कमी ताणणारी पॉलिएस्टरची दोरी घ्यावी आणि हातात मोजे घालावेत.

कॅमेरा

वरील सर्व झाल्यावरच कॅमेऱ्याकडे वळावे, आणि तेव्हा सांगण्यासारखे थोडेच उरते. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवावी लागली तरी हरकत नाही, कारण दाणेदार छायाचित्र सुधारता येते, पण ओढले गेलेले छायाचित्र सुधारता येत नाही. फोकस जमिनीवरच दूरच्या वस्तूवर साधून कायम करावा. यांत्रिक शटर असेल तर ते वापरावे, म्हणजे खांब कलण्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. दर दोन-तीन सेकंदांनी आपोआप छायाचित्र घेण्याची सोय असली, तर गिरकीच्या दोन टोकांना, जेथे कॅमेरा क्षणभर थांबून उलट फिरतो, तेथे काही छायाचित्रे हमखास स्वच्छ मिळतात.

उंचीची मर्यादा आणि जमीन

ब्रिटनमध्ये परवानगीवाचून पतंग जमिनीपासून ६० मीटरपेक्षा वर नेता येत नाही, आणि विमानतळाच्या वाहतूक क्षेत्रात ही मर्यादा ३० मीटर आहे. या नियमाचा टांगणीशी थेट संबंध आहे. दोरीचा कोन ५० अंश असून टांगणी पतंगाच्या २५ मीटर खाली असेल, तर ६० मीटरवरच्या पतंगाखाली कॅमेरा सुमारे ४१ मीटरवर येतो. ॲस्टली ग्रीनच्या चाकांकडे वरून पाहायला एवढी उंची पुरते. नॉटिंगहॅमशायरमधील क्लिपस्टन येथे मात्र पुरत नाही. २००३ साली बंद झालेल्या या खाणीची दोन्ही हेडगिअर सुमारे ६५ मीटर उंच आहेत, म्हणजे मनोरेच पतंगाच्या मर्यादेपेक्षा उंच! तेथे उंची मिळवण्यासाठी टांगणी पतंगाजवळ सरकवण्याचा मोह होतो आणि गिरकी लगेच परत येते. त्यापेक्षा मध्यावरून, किंचित वर पाहणारी छायाचित्रे घ्यावीत. दोरी कितीही उभी झाली तरी मर्यादा मोडू नये म्हणून दोरीवर ६० मीटरला ठळक खूण करावी, आणि त्यापुढे दोरी सोडायची असेल तर कोन मोजूनच सोडावी.

दोरी अडकवण्यासाठी खुंटी ठोकण्याची सवय या स्थळी सोडून द्यावी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत जमिनीला धक्का लावणारे कोणतेही काम १९७९ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली परवानगीवाचून करता येत नाही. वाळूची पिशवी किंवा कमरेचा पट्टा पुरेसा होतो. जागेच्या मालकाची परवानगी तर आधीच घ्यावी.

श्रॉपशायरमधील ब्राउन क्ली आणि टिटरस्टोन क्ली या टेकड्यांवरील जुन्या उथळ खाणी या सर्व चर्चेला अपवाद आहेत. तेथे मनोरा नाही, इमारती नाहीत. आहेत ते मेदुवड्याच्या आकाराचे मातीचे उंचवटे, मध्ये खळगा आणि भोवती उपसलेल्या मातीचे कडे. वाऱ्याला अडथळा नसल्यामुळे गिरकीचा त्रास फार होत नाही. पण दुपारच्या उन्हात हे उंचवटे छायाचित्रात दिसतच नाहीत, म्हणून हिवाळ्यातील सूर्य अगदी खाली असतानाच तेथे जावे. मात्र पतंगाकडे पाहत उलटे चालणे कटाक्षाने टाळावे, कारण प्रत्येक खळगा म्हणजे एक बुजलेली विहीर आहे आणि कोणती कशाने बुजवली आहे ते वरून कळत नाही. दोरी सोडायच्या आधी जमीन पायी फिरून पाहावी, मग एक जागा धरून तेथेच उभे राहावे, आणि कॅमेरा सरकवायचा असेल तर पायांऐवजी दोरीची लांबी बदलावी.